तिरप्या उन्हातले दगड

मेक्सिकोच्या युकातान प्रांतात उश्माल नावाचं माया लोकांचं एक पुरातन नगर आहे. तिथल्या ‘गव्हर्नरच्या वाड्या’चं तोंड पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेलं. दर्शनी भिंतीची लांबी जवळपास शंभर मीटर. खालची निम्मी भिंत अगदी साधी, तासलेल्या दगडाची. वरच्या निम्म्या भागावर मात्र सुमारे 20,000 घडीव दगड एकमेकांत गुंतवून जाळी, नागमोडी घाट आणि पर्जन्यदेव चाकचे मुखवटे रचलेले आहेत. प्रत्येक मुखवट्याचं लांब वाकडं नाक भिंतीतून पुढे आलेलं. सकाळी ऊन या भिंतीवर समोरून पडतं. सूर्य वर चढला की प्रत्येक नाकाची, प्रत्येक कणीची सावली खालच्या दगडावर लांबत जाते आणि दुपारनंतर सगळी भिंत सावलीत बुडते. या भिंतीचं छायाचित्र घ्यायचं तर दिवसातले थोडेच तास हाती लागतात.

हा धडा सगळ्यात आधी ज्यांना मिळाला, त्यांत जॉन लॉइड स्टीव्हन्स आणि फ्रेडरिक कॅथरवुड ही जोडी होती. स्टीव्हन्स न्यू यॉर्कचा वकील आणि प्रवासवर्णनकार, कॅथरवुड लंडनचा वास्तुचित्रकार. 1841 च्या नोव्हेंबरात ते उश्मालला आले तेव्हा त्यांच्या सामानात दगेरोटाइपचं, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याचं, यंत्र होतं. दगेर या संशोधकाच्या या शोधाचं तंत्र पॅरिसमध्ये जाहीर होऊन जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती.

यंत्र आणण्यामागे मोठं कारण होतं. 1839-40 च्या पहिल्या प्रवासात दोघांनी कोपान, पालेंके, उश्माल ही माया नगरं पाहिली होती आणि 1841 मध्ये त्यावरचं पुस्तक आलं होतं. त्यात स्टीव्हन्सने ठामपणे लिहिलं होतं की ही नगरं इजिप्शियनांनी किंवा समुद्रात बुडालेल्या कुठल्या खंडातल्या लोकांनी बांधलेली नाहीत. इथेच राहणाऱ्या लोकांच्या पूर्वजांनी बांधली आहेत. त्या काळात हे म्हणणं पचायला जड होतं, आणि पटवायचं तर चित्रं निर्विवाद हवीत. चित्रांवरचा विश्वास मात्र आधीच डळमळीत झालेला होता. 1832-33 मध्ये पालेंकेत राहिलेल्या जाँ-फ्रेदेरिक वाल्डेकने तिथल्या लिपिचिन्हांत हत्तीची डोकी काढली होती! अमेरिकेत हत्ती नाहीत, पण जुन्या जगाशी नातं जोडण्याची आस इतकी होती की हाताने तीच रेघ ओढली. कॅथरवुड असल्या मोहापासून दूर असला तरी कोपानला पहिल्या दिवशी त्याचीही गाळण उडाली. चिखलात उभं राहून, डासांपासून वाचायला हातमोजे घालून तो रेखाटत होता आणि कागदामागून कागद बाद करत होता. ग्रीक आणि इजिप्शियन शिल्पांवर पोसलेल्या डोळ्यांना माया शिल्पातली गुंतागुंत पकडताच येत नव्हती. कॅमेरा ल्युसिडा नावाच्या लहानशा लोलकाच्या उपकरणाने, म्हणजे समोरचं दृश्य कागदावर दिसल्यासारखं भासवून गिरवता येईल अशा साधनाने, त्याने अखेर ते आकार हस्तगत केले. चित्रकार मध्ये न येता दगडाने स्वतःच आपलं चित्र काढलं, तर वादच मिटेल, ही दगेरोटाइपमागची आशा होती.

सराव मेरिदा शहरात झाला. तिथल्या प्रतिष्ठित घरच्या मुलींच्या तसबिरी काढायचा उद्योग स्टीव्हन्स, कॅथरवुड आणि त्यांच्याबरोबरचे बोस्टनचे डॉक्टर सॅम्युएल कॅबट यांनी काही दिवस हौसेने केला. माणसांच्या तसबिरी बऱ्या आल्या. वाड्यापुढे मात्र यंत्र थिटं पडलं. स्टीव्हन्सने याची प्रामाणिक नोंद ठेवली आहे: पुढे आलेल्या कणी आणि नक्षी कुठे प्रखर उन्हात, कुठे गडद सावलीत, एकाच पत्र्यावर दोन्ही नीट उतरेनात. मग ठरलं असं की चित्रं कॅथरवुडने पेन्सिलीने आणि कॅमेरा ल्युसिडाने पुरी करायची, यंत्र स्टीव्हन्स आणि कॅबटने चालवायचं, आणि पुढे खोदकाम करणाऱ्या कारागिरांना चित्र आणि दगेरोटाइप दोन्ही द्यायची, म्हणजे एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघेल. इथे यंत्राने हार मानली असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते अपुरं आहे. छायाचित्र आणि रेखाचित्र शेजारी ठेवण्याची जी रीत माया अभ्यासात पुढे कायम झाली, तिची सुरुवात या अडचणीतून झाली.

ते दगेरोटाइप आज पाहायला मिळत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये कॅथरवुडची एक गोल इमारत होती. तिथे जेरुसलेम आणि थीब्जची प्रचंड वर्तुळाकार चित्रं तिकीट लावून दाखवली जात. युकातानहून आणलेल्या वस्तूही तिथेच मांडल्या होत्या. 31 जुलै 1842 च्या रात्री ती इमारत जळाली. उश्मालहून आणलेली सापोते लाकडाची कोरीव तुळई, काबाह या नगरातलं कोरीव लाकूड, सगळं त्यात गेलं. माया देवळांतलं कोरीव लाकूड फार दुर्मीळ. उश्मालच्या दमट हवेत आणि वाळवीत हजारेक वर्षं टिकलेलं ते लाकूड न्यू यॉर्कमध्ये फार काळ राहिलं नाही. दगेरोटाइपला निगेटिव्ह नसते; चांदीचा मुलामा दिलेला तो पत्रा हीच एकमेव प्रत. आपल्या हाती आलं ते 1843 चं पुस्तक, त्यातली 120 खोदचित्रं, आणि 1844 मधल्या कॅथरवुडच्या 25 शिळाछापांचा देखणा संग्रह.

ऑस्ट्रियाचा बॅरन एमानुएल फॉन फ्रीड्रिक्सथाल याने तर स्टीव्हन्सच्या या दुसऱ्या फेरीच्याही आधी युकातानात दगेरोटाइप घेतले होते. ते घेऊन तो न्यू यॉर्क, लंडन, पॅरिस असं फिरला. जंगलातून लागलेलं आजारपण मात्र सुटलं नाही आणि 1842 मध्ये तो वारला. माया वास्तूंचा पहिला छायाचित्रकार म्हणून मान त्याचाच, पण त्याची चित्रं फार लोकांच्या नजरेपर्यंत पोहोचली नाहीत.

म्हणून माया वास्तूंची छायाचित्रं जगाने खऱ्या अर्थाने पाहिली ती 1860 नंतर, देझिरे शार्नेमुळे.

शार्ने फ्रेंच. न्यू ऑर्लिन्समध्ये शिक्षकी करत असताना त्याच्या हाती स्टीव्हन्सची पुस्तकं पडली आणि त्याने त्या नगरांचा ध्यास घेतला. फ्रेंच सरकारच्या शिक्षण खात्याचा पाठिंबा मिळवून 1857 मध्ये तो मेक्सिकोला पोहोचला, तो थेट यादवी युद्धातच. वाटा बंद, सामान अडकलेलं, डाकूंची भीती. युकातानात तर वेगळीच आग पेटलेली होती. 1847 मध्ये तिथल्या माया शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला होता आणि तो संघर्ष पुढे अर्धशतकाहून जास्त चालला. चिचेन इत्सा या माया नगराचे अवशेष या धुमसत्या सीमेजवळ होते, त्यामुळे तिथे जायचं तर सैनिकांच्या पहाऱ्यात. ज्यांच्या पूर्वजांच्या वास्तूंचं चित्र घ्यायचं, त्यांच्याच भीतीने बंदुका सोबत न्यायच्या, अशी ती परिस्थिती होती. आणि झाडी तोडायला, सामान वाहायला, दगड साफ करायला येणारे मजूरही मायाच होते.

शार्नेचं तंत्र होतं ओल्या कोलोडियनचं. त्याचे कष्ट आज कल्पनेनेच समजून घ्यावे लागतात. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कोलोडियन काचेवर ओतायचं आणि काच तिरकी करत सारखं पसरवायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचं आणि लगेच पळत जाऊन अंधारातच ती धुवायची. कोलोडियन सुकलं की संपलं. युरोपच्या गारव्यात यासाठी दहा-पंधरा मिनिटं मिळत. युकातानच्या उन्हात ईथर पाहता पाहता उडून जाई. त्यातून पाण्याचा प्रश्न. उत्तर युकातानात नदी नाही. चुनखडीच्या जमिनीत पाऊस मुरतो आणि ‘सेनोट’ म्हणवल्या जाणाऱ्या खोल नैसर्गिक विहिरींत साठतो. उश्मालला तर सेनोटही नाही. पुरातन रहिवासी जमिनीत खोदलेल्या हौदांत आणि तळ्यांत पावसाचं पाणी साठवून जगले. अशा जागी काचेमागून काच स्वच्छ पाण्याने धुवायची होती. पाण्यात गाळ असेल तर निगेटिव्हवर डाग, हवेत धूळ असेल तरी डाग.

छायाचित्र मोठं करून छापण्याची सोय तेव्हा व्यवहारात नव्हती. जेवढी काच, तेवढंच चित्र. त्यामुळे शार्नेने हातभर लांबीच्या अवजड काचा खेचरांवरून वाहून नेल्या. पालेंकेच्या ओल्या, अंधाऱ्या जंगलात त्याला फारसं यश आलं नाही; तिथली मोजकीच चित्रं त्याच्या संग्रहात आहेत. उश्मालच्या उघड्या पठारावर मात्र त्याने कमाल केली. मजुरांकरवी वाड्यासमोरची झाडी तोडून घेतली आणि गव्हर्नरचा वाडा, ‘जोगिणींचा चौक’, ‘बुटक्याचं घर’ म्हणून ओळखला जाणारा उंच पिरॅमिड यांची अशी चित्रं घेतली की दगडादगडामधला सांधा मोजता यावा. त्या काळातलं रसायन फक्त निळ्या प्रकाशाला जागं असे. म्हणून त्याच्या चित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं येतं, हिरवी झाडी जवळपास काळी, आणि त्या दोहोंमध्ये भिंत राखाडी रंगाच्या शेकडो छटांत उजळून उभी राहते. हा त्या तंत्राचा दोषच, पण वास्तूला तो मानवला.

1862-63 मध्ये पॅरिसमध्ये ‘अमेरिकेतली नगरं आणि अवशेष’ या अर्थाच्या नावाने त्याचा भव्य छायाचित्रसंग्रह निघाला. प्रस्तावनेदाखलचा लांबलचक निबंध लिहिला होता व्हियोले-ल-द्युक याने, म्हणजे पॅरिसच्या नोत्र दामचं पुनरुज्जीवन करणाऱ्या नामवंत वास्तुविशारदाने. त्याने स्वतः मेक्सिको कधी पाहिला नव्हता. शार्नेच्या छायाचित्रांवरून त्याने बांधकामाच्या पद्धती ताडल्या आणि त्यांवर मानववंशांच्या मिश्रणाचा एक मोठा सिद्धांत रचला. तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. शार्नेचा स्वतःचा आवडता सिद्धांतही टिकला नाही; ही सगळी नगरं तोल्तेक लोकांनी बांधली असं तो आयुष्यभर मानत होता. त्याच्या काचा मात्र आजही अभ्यासकांच्या टेबलावर आहेत, कारण नंतर ढासळलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा डागडुजीत बदललेल्या भिंती 1860 मध्ये कशा होत्या, याचा दुसरा साक्षीदार नाही.

माणसाचं मत आणि त्याची काच यांतली ही तफावत सगळ्यात ठळक दिसते ती ऑगस्तस ल प्लाँजाँ आणि अॅलिस डिक्सन या जोडप्याच्या कामात. ऑगस्तसने आधी सॅन फ्रान्सिस्को आणि लिमा इथे छायाचित्रणाचा धंदा केला होता. अॅलिस लंडनची, तिचे वडील हेन्री डिक्सन व्यवसायाने छायाचित्रकार, त्यामुळे काळोख्या खोलीतलं काम तिच्या बोटांत होतं. 1873 मध्ये दोघं युकातानला आली आणि अकरा-बारा वर्षं तिथल्या अवशेषांत वावरली. माया वाड्यांच्या खोल्या अरुंद असतात आणि त्यांना सहसा खिडक्या नसतात. दाराला कापड टांगलं की काळोखी खोली तयार. अॅलिस अशा खोल्यांत काचा धुवत असे. संशोधनाच्या इतिहासात तिचं नाव बराच काळ नवऱ्याच्या नावामागे दडून राहिलं. तिचे लेख, डायऱ्या आणि त्या काचा पाहिल्या की हे काम दोघांचं होतं याबद्दल शंका उरत नाही.

त्यांची पद्धत शार्नेपेक्षा वेगळी होती. शार्ने देखणी जागा शोधून एक भव्य चित्र घेई. या दोघांनी अख्खी इमारत तुकड्यातुकड्यांनी टिपली. उश्मालच्या गव्हर्नरच्या वाड्याची नक्षी त्यांनी शिडी लावून, कॅमेरा नक्षीच्या उंचीला नेऊन, भागाभागाने घेतली. खालून वर बघत काढलेल्या चित्रात येणारी तिरपी ओढ त्यामुळे टळली. शिवाय पुष्कळ चित्रं दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली, जोडीची. दुर्बिणीसारख्या चौकटीतून पाहिलं की खोली दिसते: कुठलं नाक किती पुढे आलंय, कुठला दगड किती आत आहे, हे डोळ्यांना कळतं. 1841 मध्ये ज्या बाहेर आलेल्या नक्षीने दगेरोटाइप निकामी केले होते, त्याच नक्षीचा उठाव आता चित्राचा विषय झाला.

1875 मध्ये चिचेन इत्सात त्यांनी एका ओट्याच्या पोटात कित्येक मीटर खोल खणून एक प्रचंड मूर्ती बाहेर काढली: पाठीवर रेललेला, गुडघे दुमडलेला, मान वळवून पाहणारा, पोटावर थाळी धरलेला माणूस. ऑगस्तसने तिला ‘चाकमूल’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. दोर, झाडाच्या साली आणि लाकडाचे ओंडके वापरून मजुरांनी ती वर ओढली. या उत्खननाची टप्प्याटप्प्याने छायाचित्रं घेतली गेली. अमेरिका खंडातल्या पुरातत्त्वात अशा नोंदीची उदाहरणं तेव्हा फारच थोडी होती. मूर्ती परदेशी प्रदर्शनात न्यायची ऑगस्तसची इच्छा होती. सरकारने ती ताब्यात घेतली आणि 1877 मध्ये मेक्सिको शहरात नेली.

पुढे ऑगस्तसचे सिद्धांत भरकटत गेले. चाकमूल हा राजपुत्र, मू ही राणी, ती पळून इजिप्तला गेली, माया लोकांनी भारतापर्यंत संस्कृती पोहोचवली, एका कोरीव पटावर तर विजेच्या तारायंत्राचा उल्लेख आहे, असं तो छापत राहिला. विद्वानांनी त्याला वाळीत टाकलं, आणि त्याच्या लेखनासोबत ही शेकडो छायाचित्रंही कपाटांत गेली. ही मोठी हानी होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स डेस्मंड या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने त्या काचा आणि प्रती पुन्हा शोधून अभ्यासल्या, तेव्हा कळलं की ज्याची पुस्तकं कुणी गंभीरपणे वाचत नव्हतं, त्याच्या कॅमेऱ्याने काडीचंही खोटं बोललेलं नव्हतं.

1880 च्या सुमारास काचेवरच्या रसायनात मोठा बदल झाला. जिलेटिनच्या कोरड्या प्लेट कारखान्यात तयार होऊन मिळू लागल्या. आता जागेवर रसायनं ओतायची, पळत जाऊन धुवायची गरज उरली नाही. याचा पुरेपूर फायदा घेतला आल्फ्रेड मॉड्स्लीने.

मॉड्स्ली लंडनच्या प्रसिद्ध यंत्रकार घराण्यातला. पैसा घरचा, वेळ हाताशी. 1881 मध्ये तो पहिल्यांदा ग्वाटेमालाला गेला तो थंडी चुकवण्यासाठी, आणि किरिग्वाच्या जंगलात शेवाळलेले कोरीव शिलास्तंभ पाहून तिथलाच होऊन गेला. त्याच मोसमात तिकालच्या उंच देवळांपर्यंत तो पोहोचला. देवळांच्या अंगावरची झाडं तोडवून त्याने त्यांची चित्रं घेतली. हिरव्या टेकड्या वाटणाऱ्या आकारांचे कडे आणि पायऱ्या त्यात पहिल्यांदाच स्वच्छ दिसल्या.

1882 च्या मार्चमध्ये उसुमासिंता नदीकाठच्या एका नगरात एक प्रसंग घडला. दुसऱ्या मोहिमेवर निघालेला पन्नाशीतला शार्ने, अमेरिकी तंबाखूसम्राट पिएर लोरिलार याच्या पैशावर, ‘माझा शोध’ म्हणून तिकडे येत होता. पोहोचतो तो तिशीतला मॉड्स्ली आधीच मुक्कामाला! शार्नेचा चेहरा पडला. त्यानेच लिहून ठेवल्याप्रमाणे मॉड्स्लीने त्याला सांगितलं की मी आपला हौशी माणूस, मला श्रेय नको. नाव तुम्ही द्या, शोध तुमचाच म्हणा. शार्नेने देणगीदाराच्या नावावरून त्या नगराला ‘लोरिलार’ म्हटलं. ते नाव टिकलं नाही, आज ते याश्चिलान म्हणून ओळखलं जातं. दोघांनी शेजारी शेजारी राहून काम केलं. तिथल्या दारांवरच्या काही अप्रतिम कोरीव पट्ट्या मात्र मॉड्स्लीने काढून इंग्लंडला पाठवल्या आणि त्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या माणसाने इतकी नोंद ठेवली त्यानेच दगड जागेवरून हलवले, हे सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

मॉड्स्लीला एक गोष्ट नेमकी उमगली होती. छायाचित्र कितीही चांगलं असलं तरी एका वेळच्या उन्हाचं असतं; लिपिचिन्हाची एखादी बारीक रेघ त्या उन्हात सावलीत गेली तर ती गेलीच. म्हणून त्याने तिहेरी पुरावा उभा केला. आधी ब्रशने घासून, शेवाळ काढून दगडाचं छायाचित्र. मग प्लास्टरचे किंवा ओल्या कागदाचे साचे. साच्यांच्या कामासाठी त्याने लोरेन्झो जुंतिनी या कसबी कारागिराला इंग्लंडहून आणलं आणि ग्वाटेमालातल्या गोर्गोनिओ लोपेस व त्याच्या भावांना हे काम शिकवलं. लोपेस इतका तरबेज झाला की पुढे त्याच्यावर अख्ख्या मोहिमा सोपवल्या जाऊ लागल्या. किरिग्वाच्या अवाढव्य प्राणिरूप शिळेचा साचा 1883 मध्ये शेकडो तुकड्यांत घेतला गेला. आणि शेवटी लंडनमध्ये त्या साच्यांवरून घडवलेल्या प्रतिकृतींवर हवा तसा तिरपा प्रकाश पाडून अॅनी हंटर ही चित्रकार एकेक चिन्ह रेखाटत असे. जंगलात सूर्य हलवता येत नाही. लंडनमध्ये दिवा हलवता येतो.

हे सगळं 1889 ते 1902 या काळात पाच खंडांत छापलं गेलं, त्यात छायाचित्र आणि रेखाचित्र यांच्या जोड्या आहेत. पालेंकेच्या क्रॉसच्या देवळातला कोरीव पट तेव्हा तीन ठिकाणी विखुरला होता: उजवा भाग 1842 मध्येच वॉशिंग्टनला गेलेला, मधला 1884 मध्ये मेक्सिको शहरात नेलेला, डावा पालेंकेतच. मॉड्स्लीच्या ग्रंथात तिन्ही भाग एकत्र वाचता येतात. प्रत्यक्षात ते मेक्सिकोत एकत्र यायला विसावं शतक उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियातला पत्रकार जोसेफ गुडमन याने याच चित्रांवरून माया कालगणनेचं गणित मांडलं आणि 1897 मध्ये ते या ग्रंथाचीच पुरवणी म्हणून निघालं.

या सगळ्यांत सर्वांत एकाकी माणूस टेओबर्ट मालर. जन्म रोममध्ये, आईवडील जर्मन. 1865 मध्ये मेक्सिकोचा तेव्हाचा सम्राट माक्सिमिलियान याच्या फौजेतून तो तिथे आला. दोन वर्षांनी सम्राटाला गोळ्या घालण्यात आल्या, मालर मात्र तिथेच राहिला आणि छायाचित्रणाकडे वळला. 1880 च्या दशकात त्याने तिकुल गावात बस्तान बसवलं, माया भाषा शिकून घेतली आणि मोजकी माणसं, काही खेचरं आणि एक मोठा कॅमेरा एवढ्या बळावर शंभराहून जास्त स्थळं पालथी घातली. जंगलातल्या वाटा त्याला महोगनी तोडणाऱ्या लाकूडतोड्यांकडून कळत. पडलेला स्तंभ असेल तर तो माणसांकरवी उभा करायचा किंवा वळवायचा, आणि उथळ कोरीवकामावर ऊन आडवं सरपटत येईल अशा वेळेची वाट बघायची. त्याच्या काचांवर राजाच्या अंगरख्याचं विणकामसुद्धा मोजता येतं ते या धीरामुळे. प्रकाशाशी झगडण्याऐवजी त्याची वाट पाहण्याची कला त्याच्याइतकी या क्षेत्रात दुसऱ्या कुणी साधली नाही, असं त्याची चित्रं ओळीने पाहिली की पटतं.

1898 पासून हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियमने त्याला मोहिमांसाठी पैसे दिले आणि 1901 पासून त्याचे अहवाल छापले. पुढे संबंध ताणले. आपल्या कामावर दुसरेच मोठे होतायत असं त्याला वाटू लागलं, तिकालचा नकाशा त्याने दिलाच नाही, आणि म्युझियमला तो दुसऱ्यांकडून करून घ्यावा लागला. 1917 मध्ये मालर मेरिदात वारला. तिकालच्या ज्या वाड्यात तो उतरत असे, तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मालरच्या काचांनी नंतर जे काम केलं त्याची त्याला कल्पनाही नसेल. पिएद्रास नेग्रास या नगरातले स्तंभ त्याने टिपले होते. त्यावरच्या व्यक्ती देव आणि पुजारी आहेत असं पुढची सहा दशकं सगळे धरून चालले होते. तात्याना प्रोस्कुरियाकॉफ या संशोधिकेने त्या स्तंभांची आणि त्यावरच्या तारखांची गटवारी लावली. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला कोनाड्यात बसलेली एक व्यक्ती, आणि प्रत्येक गटाचा काळ एका माणसाच्या आयुष्यात मावणारा. 1960 मध्ये तिने दाखवून दिलं की हे राजे आहेत, कोनाडा म्हणजे राज्यारोहण, आणि ज्यांना झगा घातलेले पुजारी समजलं जाई त्यांतल्या अनेक जणी स्त्रिया आहेत. माया शिलालेख इतिहास सांगतात हे त्यानंतर नाकारणं कुणालाच शक्य झालं नाही.

नेमक्या त्याच दशकात त्या स्तंभांवर करवती चालू लागल्या. पिएद्रास नेग्रासचे स्तंभ लुटारूंनी कापून, तुकडे करून परदेशी बाजारात विकले. अखंड स्तंभ कसा होता हे दाखवायला मालरचीच छायाचित्रं पुढे आली, आणि बाजारात आलेला तुकडा कुठला हे त्यांच्यावरूनच सांगता येऊ लागलं. ब्रिटिश संशोधक इयन ग्रॅहम याने 1968 मध्ये पीबॉडी म्युझियममध्ये माया शिलालेखांची संपूर्ण सूची करण्याचा प्रकल्प हाती घेतला. पद्धत मॉड्स्लीचीच, छायाचित्र आणि रेखाचित्र शेजारी. फक्त ग्रॅहम रात्री काम करी, दिव्याचा झोत दगडावर बाजूने टाकून. काम धोक्याचं होतं. 1971 मध्ये ला नाया इथे लुटारूंनी त्याच्या पथकावर गोळ्या झाडल्या आणि त्याचा वाटाड्या पेद्रो सिएरा ठार झाला.

ग्वाटेमालाच्या माचाकिला इथला दुसऱ्या क्रमांकाचा स्तंभ ग्रॅहमने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जागेवर पाहून नोंदवला होता. पुढे तो कापून चोरला गेला आणि अमेरिकेत विक्रीला निघाला. जुनी नोंद हाती असल्यामुळे तो स्तंभ कुठला यावर वाद घालायला जागाच राहिली नाही. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने 1973 मध्ये तो विकू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला दोषी ठरवलं, वरच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी तो निकाल कायम केला, आणि स्तंभ ग्वाटेमालाला परत गेला.